समेट कोणाशी?



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्यासपीठावरून आज मी दुसऱ्या एका शिक्षकाविषयी बोलणार आहे. ते आपल्या देशातले नव्हेत आणि त्यांचा खेळही आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. पण त्यांच्यामुळे एका विद्यापीठापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो शिकवण्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या कुणालाही टाळता येणार नाही. ज्या गुरूला संस्थेनं स्वतःच्या हातानं काढून टाकलं, त्याला पुन्हा सन्मानानं बोलवावं का? बोलवायचं तर केव्हा, आणि कोणाला विचारून?

ते शिक्षक म्हणजे बॉब नाइट, आणि विद्यापीठ अमेरिकेतलं इंडियाना. इंडियाना हे मक्याच्या शेतांचं राज्य. तिथे बास्केटबॉल हा नुसता खेळ नाही, गावाची ओळख आहे. लहान लहान गावांतल्या शाळांनी गावच्या लोकसंख्येला लाजवतील एवढी बंदिस्त क्रीडागृहं बांधली. १९५४ साली मायलन नावाच्या चिमुकल्या गावातल्या शाळेनं राज्याचं विजेतेपद जिंकलं, त्याच्या आठवणी तिथली माणसं आजही सांगतात. अशा राज्यातल्या सर्वांत लाडक्या विद्यापीठ संघाचा प्रशिक्षक हा राज्यपालांपेक्षा जास्त ओळखीचा माणूस असतो.

नाइट १९७१ मध्ये ब्लूमिंग्टनला, म्हणजे या विद्यापीठाच्या गावी, आले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. ओहायोतल्या ऑरविल या छोट्या गावात ते वाढले. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या १९६० च्या विजेत्या संघात ते होते, पण बहुतेक वेळ बाकावर. चोविसाव्या वर्षी वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. तिथे त्यांच्या हाताखाली खेळलेला एक मुलगा म्हणजे माइक शिशेव्हस्की, पुढे ड्यूक विद्यापीठाचे जगप्रसिद्ध प्रशिक्षक.

इंडियानात नाइट २९ हंगाम राहिले. ६६२ सामने जिंकले, बिग टेन या परिषदेची ११ विजेतेपदं मिळवली आणि १९७६, १९८१ व १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. १९७५ चा त्यांचा संघ हंगामभर अजिंक्य होता. पण संघातल्या स्कॉट मे या खेळाडूचा हात मोडला आणि केंटकीविरुद्ध ९२-९० असा अवघ्या दोन गुणांनी संघ बाहेर पडला. पुढच्या वर्षी बहुतेक तीच मुलं पुन्हा उभी राहिली आणि ३२ पैकी ३२ सामने जिंकून विजेती झाली. त्यानंतर नाइट हयात असेपर्यंत पुरुषांच्या सर्वोच्च विभागात दुसऱ्या कोणत्याही संघाला हे साधलं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मायकेल जॉर्डन ज्या अमेरिकी संघातून खेळला आणि सुवर्णपदक घेऊन गेला, त्याचेही प्रशिक्षक नाइटच.

आकडे मी लवकर आटोपतो, कारण मला त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलायचं आहे. नाइट यांच्या संघात ठरावीक चाली फारशा पाठ करून घेतल्या जात नसत. खेळाडूनं कोर्टवरची स्थिती वाचायची, सहकाऱ्याच्या हालचालीवरून आपली हालचाल ठरवायची, चेंडू नसताना कुठे पळायचं ते स्वतः ओळखायचं. म्हणजे मुलांना उत्तरं न देता विचार करायला लावणं. बचावात प्रत्येकानं आपला माणूस धरायचा, सबबी नाहीत. आणि वर्ग बुडवलेला चालत नसे. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये खेळाडूंना लपूनछपून पैसे देणं, परीक्षांत फेरफार करणं ही जुनी दुखणी आहेत. नाइट यांच्यावर त्यातला एकही डाग नाही. चार वर्षं त्यांच्याकडे टिकलेले बहुतेक सगळे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी निधी उभारायलाही हाच माणूस पुढे असे. १९८१ च्या विजेत्या संघातला लँडन टर्नर त्याच उन्हाळ्यात मोटार अपघातात सापडला आणि कायमचा अपंग झाला. त्याच्या उपचारांसाठी पैसा उभा करायला नाइट यांनी जिवाचं रान केलं. हे खोटं नाही आणि याला कमी लेखून पुढे जाता येणार नाही.

आता दुसरी बाजू. १९७९ मध्ये पोर्टो रिकोत पॅन अमेरिकन स्पर्धेच्या वेळी एका पोलिसाला मारल्याच्या आरोपावरून ते त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर चिडून त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून कोर्टवर भिरकावली. समोर पर्ड्यूचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा होता. ती चित्रफीत अमेरिकेत इतक्या वेळा दाखवली गेली की खुर्ची हा नाइट यांचा लोकांना हसवणारा किस्सा झाला. तोटा असा झाला की खुर्चीच्या आड बाकीचं झाकलं गेलं. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ते बलात्काराबद्दल जे बोलले, ते इथे उच्चारण्यासारखं नाही. कार्यालयातल्या स्त्रीवर ओरडणं, तिच्या दिशेनं वस्तू फेकणं हेही पुढे चौकशीत आलं.

आणि मग नील रीड. १९९७ मधला सराव. रीड हा तेव्हा संघातला अनुभवी खेळाडू. नाइट त्याच्याकडे चालत गेले आणि त्यांनी त्याचा गळा धरला. रीडनं त्याच वर्षी इंडियाना सोडलं आणि सदर्न मिसिसिपी विद्यापीठातून तो उरलेलं खेळला. तीन वर्षांनी, मार्च २००० मध्ये, सीएनएनच्या क्रीडा वाहिनीवर त्यानं घडलेलं सांगितलं. नाइट यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी ते खोटं ठरवलं. राज्यभरातून त्या मुलाला शिव्याशाप मिळाले. एप्रिलमध्ये सरावाची ध्वनिचित्रफीत बाहेर आली. त्यात हात गळ्यावर होता. दोन-तीन सेकंद असेल, पण हात गळ्यावरच होता.

विद्यापीठाचे अध्यक्ष तेव्हा माइल्स ब्रँड होते. आपल्याकडे कुलगुरूंचं जे स्थान, तेच तिथे अध्यक्षांचं. मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मे २००० मध्ये त्यांनी नाइट यांना तीन सामन्यांची बंदी आणि ३०,००० डॉलर दंड केला, आणि यापुढे एकही गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही असं जाहीर केलं. ब्रँड यांच्या या निर्णयावर मला एक आक्षेप आहे. चित्रफितीत दिसलं ते खरं मानलं तर नाइट यांना मेमध्येच जायला हवं होतं. खरं मानलं नाही तर दंडाचं कारण नव्हतं. मधला रस्ता काढला गेला, कारण प्रशिक्षक विद्यापीठापेक्षा मोठा झाला होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. सप्टेंबरमध्ये एका नवख्या विद्यार्थ्यानं नाइट यांना नुसत्या आडनावानं हाक मारली. नाइट यांनी त्याचा दंड धरून त्याला शिष्टाचार शिकवला. १० सप्टेंबर २००० रोजी त्यांना काढण्यात आलं. कारण एवढंच नव्हतं, उन्हाळाभराच्या वागण्याची यादी ब्रँड यांनी सांगितली. पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही हाक. गळ्याऐवजी हाकेवरून नोकरी गेल्यामुळे नाइट यांच्यावर अन्याय झाला असं म्हणायला राज्य मोकळं झालं.

त्या रात्री हजारो विद्यार्थी ब्रँड यांच्या निवासस्थानावर चालून गेले. त्यांचा पुतळा जाळला. ज्या विद्यार्थ्यानं हाक मारली होती त्याला धमक्या आल्या, आणि पुढे त्यानं ते विद्यापीठच सोडलं. म्हणजे मोजा: रीड गेला, तो विद्यार्थी गेला. दोघंही जिथे शिकायला आले होते, त्या संस्थेत राहू शकले नाहीत.

नाइट टेक्सास टेक विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी एकूण विजयांची संख्या ९०२ वर नेली, पुरुषांच्या सर्वोच्च विभागात तेव्हा सर्वाधिक. २००८ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांनी मुलाच्या हाती संघ सोपवला. इंडियानावर त्यांनी खटलाही भरला होता, तो टिकला नाही. २००९ मध्ये इंडियानानं त्यांचा आपल्या क्रीडा गौरव दालनात समावेश केला, ते आले नाहीत. २०१६ मध्ये त्या अजिंक्य संघाच्या चाळीस वर्षांचा मेळावा झाला, ते आले नाहीत. २०१७ मध्ये रेडिओवर त्यांना विचारलं, तेव्हा ज्यांनी आपल्याला काढलं ते सगळे आता मेले असतील अशी आशा आहे, या अर्थाचं ते बोलले. ब्रँड तोवर खरोखरच गेलेले होते, २००९ मध्ये, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं.

मग २०१९ मध्ये नाइट पत्नीसह ब्लूमिंग्टनला राहायला परतले. स्मरणशक्ती साथ सोडत होती. क्रीडा संचालक फ्रेड ग्लास कित्येक वर्षं त्यांना आणण्याच्या खटपटीत होते. ८ फेब्रुवारी २०२० रोजी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, १९८० च्या बिग टेन विजेत्या संघाच्या सत्काराच्या निमित्तानं, नाइट विद्यापीठाच्या असेंब्ली हॉल या क्रीडागृहात पाऊल टाकते झाले. क्विन बकनर, जो त्या वेळी विद्यापीठाचा विश्वस्त होता, आणि आयझाया थॉमस यांच्यासह डझनावारी जुने खेळाडू त्यांच्याभोवती होते. थॉमसनं त्यांना मिठी मारली. ७९ वर्षांच्या नाइट यांनी मुठी आवळून बचावाची आरोळी दिली आणि सतरा हजारांच्या सभागृहानं ती उचलली. इंडियाना तो सामना ७४-६२ असा हरलं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

ती दृश्यं पाहून मलाही भरून आलं हे मी मोकळेपणानं सांगतो. थॉमसला शिकागोच्या गरीब वस्तीतून या माणसानं आणलं, दोघांचं पुष्कळ वाजलं, आणि चाळीस वर्षांनी तो त्यांना एखाद्या मुलासारखा सावरत होता. अशा भेटीला विद्यापीठानं दार बंद ठेवावं असं म्हणणारा माणूस मी नाही. म्हणून माझं उत्तर आधीच सांगतो. बोलावणं बरोबर होतं. काढणंही बरोबर होतं. दुसऱ्यामुळे पहिलं चूक ठरत नाही, आणि पहिल्यामुळे दुसरं. पण दोन्ही एकत्र खरं ठेवायचं असेल तर विद्यापीठाला काही जास्त करावं लागतं. नुसता सोहळा पुरत नाही.

समेटाच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा खेळाडूंचा आहे. ज्यांना नाइट यांनी घडवलं तेच म्हणतात की आम्हाला ते हवेत. यावर काय बोलायचं? आपल्याकडेही हे ओळखीचं आहे. रमाकांत आचरेकर सरांनी मारलेल्या थपडेची आठवण सचिन तेंडुलकरनं जाहीरपणे आणि कृतज्ञतेनं सांगितली आहे. या सभागृहातल्या अनेकांच्या तळहातावर कधी ना कधी छडी बसली असेल आणि आज ते मास्तरांचं नाव आदरानं घेत असतील. ती कृतज्ञता खरी आहे. पण मेळाव्याला येतो तो टिकून राहिलेला विद्यार्थी. जो मधेच दप्तर घेऊन निघून गेला, त्याला आमंत्रणच जात नाही, कारण तो संघाच्या छायाचित्रात नसतो. आपल्या संसदेनं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास बंदी घातली. ती घालताना घडलेल्या मुलांची साक्ष पुरेशी मानली असती, तर तो कायदा झालाच नसता.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की काळ बदलला, तेव्हाचे सगळेच प्रशिक्षक असे होते. हे मला मान्य नाही. डीन स्मिथ हे नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक नाइट यांच्याच काळातले. १९८१ च्या अंतिम सामन्यात नाइट यांनी त्यांनाच हरवलं, आणि पुढे २००७ मध्ये त्यांच्याच विजयांचा विक्रम मोडला. जिंकण्यासाठी गळा धरावा लागत नाही हे त्या काळातही लोकांना कळत होतं.

इथे मला आणखी एक उदाहरण आठवतं. जेरी टार्केनियन हे लास वेगसच्या नेवाडा विद्यापीठाचे प्रशिक्षक, १९९० चे विजेते. खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांवरून एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा मंडळाशी त्यांचं दोन दशकं भांडण चाललं, आणि १९९२ मध्ये त्यांना जावं लागलं. १९९८ मध्ये त्या मंडळानं २५ लाख डॉलर देऊन त्यांच्याशी तडजोड केली. पुढे विद्यापीठानं कोर्टला त्यांचं नाव दिलं आणि पुतळाही उभारला. ज्याच्याशी भांडण होतं ते मंडळ तिथे हजर होतं, पैसे मोजून ते मोकळं झालं. तो हिशेब दोघांतला होता, दोघांत मिटला. नाइट यांचा हिशेब तसा नाही. तिथे तिसरा माणूस आहे, आणि विद्यापीठाला त्याच्या वतीनं माफ करण्याचा अधिकार नाही.

हा तिसरा माणूस २०१२ मध्ये हृदयविकारानं गेला. नील रीड ३६ वर्षांचा होता. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत तो शिक्षक होता आणि मुलांना खेळ शिकवत होता. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गळ्यावर हात पडलेला मुलगा शेवटी स्वतः शिक्षक झाला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ब्रँड २००९ मध्ये गेले. रीड २०१२ मध्ये गेला. २०२० मध्ये नाइट यांच्या आठवणी विरत चालल्या होत्या. म्हणजे समेट झाला तेव्हा ज्यानं काढलं तो नव्हता, ज्याला इजा झाली तो नव्हता, आणि ज्यानं केलं त्याला आता जाब विचारणं माणुसकीला धरून नव्हतं. संस्था वर्षानुवर्षं थांबतात, योग्य वेळेची वाट बघतो म्हणतात, आणि ती योग्य वेळ बहुधा अशीच येते, सगळी अवघड माणसं निघून गेल्यावर. मी यात कुणाचा कट बघत नाही. ग्लास यांनी मनापासून प्रयत्न केले, आणि आडमुठेपणा विद्यापीठापेक्षा नाइट यांचाच जास्त होता. त्यांनी २००९ मध्ये एक वाक्य बोलून दाखवलं असतं, रीडला उद्देशून एक वाक्य, तर या कथेचा शेवट निराळा झाला असता, आणि रीड तेव्हा जिवंत होता. शिष्याला वाकायला शिकवणाऱ्यानं स्वतः कधी वाकायचं नाही, हा गुण कुणी धैर्य म्हणून वाखाणू नये.

पण नाइट वाकले नाहीत म्हणून विद्यापीठाचं काम संपत नाही. समेटाची खरी गरज मला विद्यापीठ आणि नाइट यांच्यात वाटतच नाही. २९ वर्षं हा माणूस बंद दाराआड वागत नव्हता. सरावाला सहायक प्रशिक्षक असत, संघाचे इतर खेळाडू असत. खुर्ची तर साऱ्या देशानं पाहिली, आणि बिग टेननं एका सामन्याची बंदी घातली. विद्यापीठानं दर वेळी विजेतेपदांकडे पाहून डोळे मिटले. मे २००० मधल्या तीन सामन्यांच्या शिक्षेपर्यंत हाच क्रम चालला. म्हणून रीडचा पहिला अपराधी नाइट असतील, पण दुसरं नाव इंडियाना विद्यापीठाचं आहे. गुरूचे पाय धुताना आपले हातही धुऊन निघतील अशी आशा संस्थेनं धरू नये.

नाइट यांच्यावर ज्यांचं मनापासून प्रेम आहे, त्यांनाही मला हेच सांगायचं आहे. त्यांचं शिकवणं इतकं भक्कम आहे की त्याला लपवाछपवीचा आधार लागत नाही. १९७६ चा संघ, लँडन टर्नरसाठी केलेली धडपड, पदवीधर झालेली मुलं, हे सगळं नील रीडच्या शेजारी ठेवलं तरी उभं राहतं. शेजारी ठेवायला आपण घाबरतो, ती भीती आपली आहे.

बॉब नाइट १ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्लूमिंग्टनमध्येच वारले, ८३ वर्षांचे होऊन. २०२१ मध्ये त्यांचाच शिष्य माइक वुडसन इंडियानाचा प्रशिक्षक झाला होता आणि नाइट सरावाला येऊन बसत. याचा मला आनंद वाटतो. म्हातारपणी माणसाला आपल्या कोर्टच्या कडेला बसायला मिळावं.

यापुढे त्यांच्या नावानं जे काही उभं राहील, दालन असो, शिष्यवृत्ती असो, त्यात तीन विजेतेपदांबरोबर १९९७ चा तो सराव, मार्च २००० मध्ये रीड जे बोलला ते, आणि एप्रिलमध्ये ते खरं निघालं हेही लिहिलं जावं, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि विद्यापीठाच्या बाजूनं पहिलं पत्र रीडच्या घरी जावं. त्याखाली सही अध्यक्षांची असावी, क्रीडा संचालकांची नव्हे. तो मुलगा संघाचा खेळाडू होण्याआधी त्या विद्यापीठाचा विद्यार्थी होता.